दोरी धरणारे माने सर

मडकं घेताना बायका जसं बोटानं वाजवून बघतात, तसे माने सर क्रेट वाजवून बघत. डेअरीतून दुधाचे जुने क्रेट आले की ते शाळेच्या व्हरांड्यात मांडी घालून बसत, एकेक क्रेट जवळ ओढत, चारी कोपऱ्यांवर टिचकी मारत आणि कान देत. ज्याचा आवाज पसंत पडत नसे तो बाजूला जाई. "ह्यो उन्हात पडून ऱ्हायलाय, मॅडम. वरनं बरा दिसतोय, पर आतनं कुरकुरीत झालाय," असं म्हणून ते तो माझ्यापुढे धरत. मला दोन्ही क्रेट सारखेच दिसत.

कुंडलच्या पलीकडच्या एका गावातल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होते, सांगलीहून रोज येऊन-जाऊन. माने सर आमचे खेळाचे शिक्षक. मूळचे म्हसवडकडचे. सैन्यात असताना जवानांना डोंगर चढायला शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. तिथून निवृत्त होऊन ते आमच्याकडे आले. बुटके, रुंद खांद्यांचे, आणि बोलणं अगदी हळू. सैन्यातला माणूस म्हणजे मैदान दणाणून सोडणार अशी आम्हा सगळ्यांची अपेक्षा होती. सर शिट्टीसुद्धा क्वचित वाजवत. एक हात वर करून नुसते उभे राहत आणि मुलं आपोआप गप्प होत.

दिवाळीची सुट्टी संपली की ते मैदानावर नववी-दहावीच्या मुलांचं शिबिर घेत. त्यातला सगळ्यांचा आवडता खेळ म्हणजे क्रेटचा मनोरा. मैदानाच्या कडेला दोन लोखंडी खांबांवर आडवा गर्डर टाकलेला होता. गर्डरच्या कडीतून एक जाड दोरी खाली येई. तिचं एक टोक चढणाऱ्या मुलाच्या कमरेच्या पट्ट्याला आणि दुसरं सरांच्या हातात. मुलगा क्रेटवर उभा राहायचा, खालून मिळालेला दुसरा क्रेट त्यावर रचून चढायचा, मग तिसरा, मग चौथा. हात पुरेनासा झाला की क्रेट बांबूच्या आकड्याला अडकवून वर जायचा. देणाऱ्यानं डोक्यावर हेल्मेट घालायचं आणि क्रेट दिला की लगेच चुन्याच्या गोल रेघेबाहेर यायचं. मनोरा कधीतरी डुलायला लागायचा आणि कोसळायचा. मुलगा दोरीवर लोंबकळत राहायचा आणि सर त्याला अलगद खाली घ्यायचे.

"ह्यो खेळ मनोरा पाडायचाच हाय," ते मुलांना सांगत. "पोरगं पाडायचं न्हाई."

चढण्याआधी प्रत्येकाला ते जमिनीपासून वीतभर उचलून दोरीवर बसवत. पाय सोड, हात सोड, मागं रेल. आपलं वजन दोरी घेते हे त्या मुलाला स्वतःच्या अंगानं कळलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. त्याशिवाय पहिल्या क्रेटवर पाऊल ठेवू देत नसत. यात अर्धी सकाळ जाई आणि बाकीची मुलं कंटाळून जात. सरांना त्याचं काही नसे.

एका वर्षी उद्घाटनाला भागातले एक पुढारी आले होते. त्यांना मनोऱ्याला हात लावून फोटो हवा होता. वर एक मुलगी चढलेली. पुढारी बोलत बोलत चुन्याची रेघ ओलांडून आत गेले, मागोमाग त्यांची माणसं. सरांनी मुलीला सांगून दोरी ताणली, तिला तिथूनच खाली घेतलं, पट्टा सोडला आणि मग हात जोडून पुढाऱ्यांपुढे उभे राहिले. "साहेब, क्रेटला काय कळतंय वो कोन साहेब हाय ते? तुमी रेघंभायेर या, मग पोरगी परत चढंल." मुख्याध्यापकांचा चेहरा पांढरा पडला होता. पुढारी हसले आणि बाहेर आले. जाताना मात्र चहा न घेता गेले. मुख्याध्यापकांनी नंतर सरांना बरंच ऐकवलं. सर "व्हय, व्हय" म्हणत राहिले आणि दुसऱ्या दिवशी रेघ आणखी दोन हात लांब ओढली.

कोण किती क्रेट चढलं याची नोंद ते ठेवू देत नसत. "आकडा आला की पोरं आकड्यासाठी चढत्यात," म्हणत. अश्विनी नावाची एक अबोल मुलगी होती. मनोऱ्यावर पुष्कळ वर गेली आणि थिजली. ना वर, ना खाली. खालची मुलं 'चढ, चढ' करून ओरडायला लागली. सरांचे दोन्ही हात दोरीवर होते, पण त्यांनी मान वळवून नुसतं बघितलं आणि गलका थांबला.

"अश्विनी, वरनं काय दिसतंय गं?" त्यांनी विचारलं.

बऱ्याच वेळानं वरून आवाज आला, "आमचं घर."

"घरात कोन हाय?"

"आई. धुणं वाळत घालतीय."

"मग बघ निवांत. घाई न्हाई."

ती तशीच उभी राहिली, आईकडे बघत. मग म्हणाली, "सर, उतरू?" सरांनी तिला खाली घेतलं आणि जणू काही विशेष झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुढच्या मुलाच्या पट्ट्याची बक्कल बघायला लागले.

अशा माणसाच्या खेळात अपघात झाला.

सरांची मुलगी ऋतुजा तेव्हा तिसरीत होती. शिबिराच्या शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलेलं असे. शालनवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, ऋतुजाला घेऊन सतरंजीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी. मनोऱ्यावर ओंकार नावाचा नववीतला मुलगा होता. मनोरा चांगला उंच झाला होता आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. पालकांचे मोबाइलही वर धरलेले. तेवढ्यात ओंकारच्या एका बुटाची लेस सुटून बूट खाली पडला. ऋतुजा उठली आणि बूट आणायला धावली. घरात सगळ्यांना हातात वस्तू नेऊन द्यायची तिला सवय होती. ती माझ्या पुढूनच गेली आणि माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं. कुणाचंच नव्हतं.

मनोरा त्याच क्षणी कलला.

"ऋतुजा, मागं," सर ओरडले. मी त्यांना ओरडताना ऐकलं ते तेवढंच. तिनं आवाजाच्या दिशेनं वर बघितलं आणि क्रेटची कडा तिच्या डोळ्यावर आली.

ओंकार दोरीवर लोंबकळत होता. सर दोरी धरून उभे होते. पुढचं जे आठवतं त्यात खूप वेळ गेल्यासारखं वाटतं, पण तो काही फार नसणार. वहिनी धावल्या, मी धावले, वहिनींनी पोरीला उचललं. सरांनी ओंकारला खाली घेतलं, नेहमीसारखं, हळू. त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले तेव्हा त्यांनी दोरी सोडली. मग ते पळाले.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बरेच प्रयत्न केले. डावा डोळा गेला.

कुणाच्या तरी मोबाइलमध्ये ते सगळं आलं होतं. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरलं. त्या व्हिडिओत मुलगी जमिनीवर पडलेली दिसते, आई धावताना दिसते आणि बाप दोन्ही हातांनी दोरी धरून उभा दिसतो. मनोरा कोसळताच मोबाइल खाली वळला होता, त्यामुळे वरचा ओंकार चौकटीत येत नाही. ज्यानं नुसता व्हिडिओ पाहिला त्याला एवढंच दिसणार की बाप उभा आहे.

वहिनींनीही तो पाहिला. मी दवाखान्यात डबा घेऊन गेले होते. ऋतुजा झोपली होती. वहिनींनी मला पलंगाच्या कडेला बसवलं.

"बाई, तुमी तितं हुता. एक हात सोडून हिला वडलं असतं तर काय झालं असतं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "ओंकार पडला असता, वहिनी."

"व्हय," त्या म्हणाल्या. "मलाबी ठावं हाय. ठावं हाय, आन् तरी मला त्येंचं तोंड बघवत न्हाई."

ऋतुजाला घेऊन त्या साताऱ्याला भावाकडे गेल्या. पुढचे उपचार तिथून सोयीचे पडतील असं सांगितलं गेलं. त्या परत आल्या नाहीत. घटस्फोट, भांडण, असलं काही झालं नाही. सर दर रविवारी साताऱ्याला जात. मेव्हण्याच्या घराच्या ओसरीवर बसत, ऋतुजाशी गप्पा मारत, तिचा अभ्यास घेत, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येत. वहिनी आतून बाहेर येत नसत. चहा मेव्हण्याची बायको आणून देई.

शाळेनं तो खेळ बंद केला. गावातल्या पुष्कळ लोकांना सरांचं कौतुक होतं. दुसऱ्याचं पोर वाचवलं, कर्तव्य केलं, असं ते तोंडावर म्हणत. सर खाली बघत. एकदा मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो, तेव्हा ते आपणहून बोलले.

"लोक म्हणत्यात मी कर्तव्य केलं. मॅडम, मी काय ठरवलंच न्हाई. ठरवलं असतं तर मला तसं सांगता आलं असतं शालनला. पोरगी दिसली आन् हात घट्ट झाला. तिचा इचार मनात यायच्या आदी हात दोरीवर घट्ट झाला." त्यांनी आपला उजवा तळवा उघडून टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याकडे बघत राहिले. तासाची घंटा झाली आणि ते उठून गेले.

दोन-तीन वर्षं गर्डर नुसता गंजत उभा होता. मग एका दुपारी आठवीची काही मुलं द्राक्षाच्या शेडमागे क्रेटवर क्रेट रचून चढताना सापडली. दोरी नाही, हेल्मेट नाही, खाली फरशी. सरांनी त्यांना काही शिक्षा केली नाही. दुसऱ्या दिवशी ते मुख्याध्यापकांकडे गेले आणि खेळ पुन्हा सुरू करायची परवानगी मागितली. "बंद करून थांबलं न्हाई, साहेब. नुस्तं आपल्या नजरंआड गेलं."

परवानगी मिळायला वेळ लागला. मिळाली तेव्हा त्यांनी सगळं नव्यानं मांडलं. चुन्याच्या रेघेऐवजी खुंट्या ठोकून छातीएवढ्या उंचीची दोरी बांधली. दोरीवर दोन माणसं, एक धरणारा आणि एक त्याच्या मागे. आत जाईल त्याला हेल्मेट, मग तो कुणीही असो. मोबाइल पिशवीत. वारं सुटलं की खेळ बंद. आणि चढण्याआधी प्रत्येक मुलाच्या बुटाची लेस सर स्वतः बांधत. गुडघे टेकून बसत, लेस ओढत, दुहेरी गाठ मारत. आमच्याकडची बरीच मुलं चपला घालून येत, म्हणून त्यांनी जुने कॅनव्हासचे बूट गोळा करून ठेवले होते. ओंकार पुढे सैन्यात गेला होता, सुट्टीवर आला की त्यांना भेटायला येई. एकदा त्यानं त्या बुटाचा विषय काढायचा प्रयत्न केला. सर म्हणाले, "तुजा बूट न्हवं. माजी लेस. बघायचं काम माजं हुतं." आणि त्याला त्याच्या पोस्टिंगबद्दल विचारू लागले.

एक नियम मात्र त्यांनी माझ्यासाठीच केला होता, असं मला वाटतं. मनोरा चढू लागला की सगळे वर बघतात. म्हणून एका माणसानं मनोऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि फक्त खालच्या माणसांकडे बघायचं. दोरीखालून कोण वाकतंय, कोण पुढे सरकतंय. "ह्ये काम तुमी करायचं, मॅडम. तुमाला ठावं हाय का करायचं ते." त्यानंतर दर शिबिराला मी तिथे उभी राहिले. मनोरा कोसळल्याचा आवाज पाठीमागे यायचा आणि समोरच्या चेहऱ्यांवरून कळायचं की पोर दोरीवर सुखरूप आहे.

खेळ पुन्हा उभा केल्याचं साताऱ्याला कळलं. त्या रविवारी सर गेले तेव्हा वहिनी पहिल्यांदा ओसरीवर आल्या. "परत हुबं केलंत म्हनं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. हे सरांनीच मला सांगितलं. पुढे काय झालं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "काय हुनार? पोरीचा गणिताचा धडा घेतला आन् आलो."

ऋतुजा अकरावीत असताना एका शिबिराला एकटीच आली. उंच झाली होती, चष्मा लावायची. एक डोळा काचेचा आहे हे निरखून बघितल्याशिवाय कळत नसे. आईला सांगून आली होती की न सांगता, मी विचारलं नाही. आली आणि सरळ सरांपुढे उभी राहिली. "बाबा, मला चढायचंय."

त्यांनी पट्टा आणला, तिच्या कमरेला बांधला, बक्कल ओढून बघितली, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावला. गुडघे टेकून तिच्या बुटांच्या लेस बांधल्या. तिला वीतभर उचलून दोरीवर बसवलं. सगळं नेहमीसारखं. मग त्यांनी दोरी पाटील सरांच्या हातात दिली. पाटील आमचे दुसरे शिक्षक, सरांनीच तयार केलेले.

"तुम्ही नाही धरणार?" ऋतुजानं विचारलं.

"न्हाई बाळा. ह्या एका दोरीवर माजा माज्यावर भरवसा न्हाई."

ते खुंट्यांच्या बाहेर येऊन लोकांमध्ये उभे राहिले, नेमके माझ्या समोर. माझी पाठ मनोऱ्याकडे. त्यामुळे ऋतुजा कशी चढली ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते सरांना. एका डोळ्यानं अंतर नीट कळत नाही, क्रेटवर क्रेट बसवताना तिचा हात चुकत असणार, कारण मधेच सरांचा जबडा आवळायचा आणि पुन्हा सैल व्हायचा. त्यांचे दोन्ही हात पोटापाशी एकमेकांत अडकलेले होते. त्यांची मान हळूहळू वर वर जात राहिली. मग एकदम पाठीमागे क्रेट कोसळले. सरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते बराच वेळ एका जागी बघत होते आणि मी समजले की ती तिथे लोंबकळते आहे आणि हसते आहे.

खाली आल्यावर ती म्हणाली, "वर वारं किती आहे, बाबा."

"असतंय," सर म्हणाले. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण पुढचा मुलगा रांगेत उभा होता.

नंतर सरांचा हात कापायला लागला. कुणाला कळण्याआधी त्यांना स्वतःलाच कळलं. चहाची बशी धरताना एकदा ते थांबले, बशी खाली ठेवली आणि त्या वर्षीच्या शिबिरात दोरीला हात लावला नाही. कुणी विचारलं तर "आता पोरांनी करावं" म्हणत. त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि म्हसवडला गेले, भावाच्या घरी. तिथूनही रविवारी साताऱ्याला जात असत, असं पाटील सांगत.

सर वारले त्याच्या थोडे दिवस आधीची आमची शेवटची भेट. एका लग्नासाठी मी साताऱ्याला गेले होते आणि परतीसाठी स्टँडवर उभी होते. म्हसवडची गाडी लागते त्या फलाटावरच्या बाकड्यावर ते बसलेले दिसले. खूप वाळले होते. उजवा हात डाव्या हातानं धरून मांडीवर ठेवला होता. मी शेजारी जाऊन बसले तरी त्यांना लगेच कळलं नाही.

"अरे, मॅडम," ते म्हणाले. मग माझी चौकशी, घरची चौकशी. ऋतुजा पुण्याला शिकते, ठीक आहे, फोन करते. मग म्हणाले, "आज शालननं आत बोलावलं."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मेव्हना आन् त्याची बायकू गावाला गेल्यात. म्हनली, भायेर ऊन हाय, आत बसा. चहा तिनंच केला."

"काय बोलल्या?"

"काय न्हाई. मी पिलो, तिनं कप उचलला."

समोरून गाड्या येत-जात होत्या. कंडक्टर ओरडत होते.

"चहात साकर न्हवती, मॅडम."

"विसरल्या असतील," मी म्हणाले.

"न्हाई." त्यांनी मान हलवली. "मला शुगर झाल्याली हाय, दोन वर्षं झाली. मी तिला कवाच सांगितलं न्हाई. बोलणंच न्हाई तर सांगनार कसं? तिनं कुणाला तरी इचारलं असंल. आन् ध्यानात ठिवलं."

त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला, पण हात फार कापत होता, म्हणून तो तसाच खाली घेतला. म्हसवडची गाडी लागली. मी त्यांची पिशवी धरली. दाराची दांडी दोन्ही हातांनी पकडून ते पायरीवर चढले, वळून पिशवी घेतली.

"फुडच्या रविवारी परत यायचं हाय," ते म्हणाले आणि आत जाऊन खिडकीपाशी बसले.